इंचाला पाच घरं

आमच्या गल्लीत एखादा माणूस मोकळेपणाने श्वास घेताना दिसला, की त्याचे कपडे मास्तरांनी शिवलेले नाहीत हे लांबूनच कळायचं.

मास्तर म्हणजे आमच्या शेजारचे शिंपी. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे आणि तीही पातळ. त्यामुळे मी जे सांगणार आहे त्यातलं अर्धं मी पाहिलेलं आहे आणि अर्धं ऐकलेलं. कान लावून नव्हे. भिंतच तशी आहे.

चव्वेचाळीस वर्षं मास्तरांनी शिवणकाम केलं. गळ्यातली टेप फक्त आंघोळीला उतरायची. त्यांचं एकच तत्त्व होतं: कापड आणि माणूस यांच्यामध्ये वारा शिरला तर शिंप्याची लाज गेली. बँकेतल्या एका कारकुनाने त्यांच्याकडून पँट शिवून घेतली, तेव्हापासून त्याने खाली पडलेलं पेन उचललेलं कोणी पाहिलं नाही. पेन पडलं की तो खिडकीबाहेरच्या माणसालाच म्हणायचा, "जरा देता का?" पण उभा राहिला की काय दिसायचा. लोक मास्तरांकडे उभं राहण्यासाठी कपडे शिवायचे.

बसायचं असेल तर समोरच्या बाजूला दुसरा शिंपी होता. त्याला मास्तरांनी नाव ठेवलं होतं तंबू. त्याच्या शर्टाच्या सावलीत दुसरा माणूस उभा राहू शकतो, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे. तंबूही काही कमी नव्हता. "मास्तरांच्या पँटमध्ये बसायचं तर आधी अर्ज करावा लागतो," असं तो म्हणायचा. दोघांची दुकानं समोरासमोर, मधे रस्ता जेमतेम दहा पावलांचा, आणि पंचवीसएक वर्षं एकमेकांशी शब्द नाही. जे काही बोलायचं ते गिऱ्हाइकांच्या मार्फत. मी दोन्हीकडे जायचो. कोणीतरी निरोप पोचवायला हवा ना.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी दुकान मुलाच्या हवाली केलं. मशीन दिली, कात्र्या दिल्या, गिऱ्हाइकं दिली. स्टूल मात्र दिलं नाही. रोज सकाळी नऊला कोपऱ्यातल्या त्या स्टुलावर येऊन बसायचे आणि मुलाच्या हाताकडे बघायचे. बोलायचे नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं. मुलगा जेवायला घरी गेला की ब्लेड काढून त्याच्या शिवणी उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. गिऱ्हाईक सैल सांगून गेलेलं असायचं, हातात घट्ट पडायचं. शिव्या मुलाला.

एके दिवशी भिंतीपलीकडून मुलाचा आवाज आला. आईशी बोलत होता.

"आई, एक तर त्या दुकानात बाबा बसतील नाहीतर मी. दोघं बसलो तर दुकानच बसेल."

"अरे, ते घरात बसून करणार काय? परवा माझे पडदे उसवत होते."

"मला त्या कपड्यांच्या कारखान्यात कटरची नोकरी देतायत. दुसऱ्या गावात आहे. पुढच्या महिन्याच्या सहा तारखेपर्यंत कळवायचंय."

त्यावर काकू, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणाली, "सहा तारखेपर्यंत थांब. मी काहीतरी बघते."

काकूने काही बघायच्या आत माश्यांनी बघितलं.

दुकानाच्या शटरच्या वर विजेच्या मीटरची लाकडी पेटी आहे. तिच्यात मधमाश्यांनी पोळं केलं. मीटर बघायला येणारा माणूस लांबूनच आकडा अंदाजाने लिहून गेला, तेव्हा मुलाने मधवाल्या बाईंना बोलावलं. या बाई गावाबाहेर राहतात, साठीच्या आहेत, पायात रबरी बूट घालतात आणि शब्द मोजून वापरतात. लोकांच्या घरातली पोळी न मारता काढून नेतात आणि पेटीत वसवतात. त्यांनी मीटरची पेटी उघडली, थोडा धूर दिला आणि पोळ्याचा एक तुकडा हलकेच कापून बाहेर काढला.

मास्तर स्टुलावरून उठले. कोणाची चूक काढायची नसताना मास्तर उठलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि त्या तुकड्याला लावली. मग दुसऱ्या जागी लावली. मग आडवी.

"इंचाला पाच," मास्तर म्हणाले.

"पाचच असतात," बाई म्हणाल्या.

"कोण आखून देतं?"

"कोणी नाही."

"खडू? पट्टी?"

"नाही हो."

"आणि अंधारात करतात?"

"मीटरच्या पेटीत दिवा कुठून येणार, मास्तर?"

मास्तरांनी मान वळवून मुलाकडे असं पाहिलं की बिचाऱ्याने कॉलर शिवता शिवता मशीन थांबवली. मग बाईंना म्हणाले, "ह्या मला घरी पाहिजेत. मागच्या परसात लिंबाचं झाड आहे, जागा आहे."

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माश्या मिळतील. आत्ता मी त्यांना माझ्याकडे नेते, पंधरा दिवस पेटीत रुळू देते. तोवर तुम्ही सामान जमवा. एक पेटी, तिच्यात टांगायच्या चौकटी. पेटीखाली मुंग्या चढणार नाहीत असं ठाणं. धुराडं. पेटीचं झाकण उचकटायला पट्टी. माश्या बाजूला सारायला मऊ ब्रश. हातमोजे. जाळीचा टोप. आणि पोशाख, तो..."

"पोशाखाचं मला सांगू नका बाई," मास्तर म्हणाले. "ते माझ्यावर सोडा."

बाई पुढे काही सांगणार होत्या. त्यांनी तोंड मिटलं. नंतर मला म्हणाल्या, तेव्हाच सांगायला हवं होतं, पण शिंप्याला कपड्याबद्दल काय सांगायचं म्हणून गप्प बसले.

जाताना मात्र एक सांगून गेल्या. "पंधरा दिवसांनी रविवारी माझ्याकडे या. सगळं सामान घेऊन, तुमच्या हाताने पेटी उघडून दाखवा. जमलं तर वसाहत तुमची. नाहीतर मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत, निवृत्त झाल्यात, त्या रांगेत आहेत. त्यांच्याकडे धुराडी दोन आहेत."

दुसऱ्या दिवशी स्टूल अकरापर्यंत रिकामं होतं. मुलाने घड्याळात तीनदा पाहिलं.

तयारी कशी सुरू झाली ते विचारू नका. सुताराकडून बाईंच्या नमुन्यासारखी पेटी करून घेतली, आणि सुतार चौकटी बसवत होता तेव्हा मास्तर टेप घेऊन त्याच्या डोक्यावर उभे. टिनवाल्याने डबा, त्याला नळी आणि मागे भाता लावून धुराडं करून दिलं. भात्याचं चामडं मास्तरांना पसंत पडलं नाही, ते त्यांनी उसवून स्वतः शिवलं. हातमोजे स्वतः शिवले, मऊ चामड्याचे, लांब बाह्यांचे. ठाण्याचा प्रश्न आला तेव्हा माळ्यावरून आपल्या पहिल्या पायमशीनचा लोखंडी सांगाडा काढला. मुलाने विजेची मशीन आणल्यापासून तो तिथे पडून होता आणि भंगारात द्यायचा विषय तीनदा निघाला होता. चार पायांखाली पाण्याने भरलेल्या चार वाट्या ठेवल्या, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत.

"माझ्या चार वाट्या," काकू भिंतीपलीकडे म्हणाली, पण आवाजात राग नव्हता.

धुराड्यात जाळायला चिंध्या लागतात. दुकानात चिंध्यांना काय तोटा. पण मास्तर प्रत्येक चिंधीचा एक धागा ओढून काडीने पेटवून बघत होते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, नकली असेल तर त्याची काळी गोळी होते आणि घाण वास येतो. निम्मं पोतं त्यांनी असं निवडलं. मी म्हटलं, "मास्तर, धुराला कोण फिटिंग विचारतंय?" तर म्हणाले, "नाक त्यांनाही असेलच की."

आणि मग पोशाख. तो त्यांनी चार दिवस लपवून शिवला. रविवारी सकाळी घालून बाहेर आले तेव्हा काकू हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली.

गडद निळा. उभी कॉलर, कमरेला आत घेतलेला, पाठीवर एक सुरकुती नाही, पँटची इस्त्री अशी की तिने भाजी चिरता आली असती. वर जाळीचा टोप.

"अहो," काकू म्हणाली, "माश्यांकडे चाललात की स्वतःच्या लग्नाला?"

"गडद रंगात माणूस बारीक दिसतो."

"त्यांना तुम्ही कसे दिसता याची फार काळजी."

सोबत म्हणून मी गेलो. सोबत म्हणजे बाईंच्या खोलीत, बंद खिडकीच्या आत. तिथून सगळं स्वच्छ दिसत होतं आणि तावदानाला एक फट होती, तिच्यातून ऐकूही येत होतं.

बाईंनी आधी धुराडं घेतलं, पेटवून हुंगलं आणि म्हणाल्या, "सुती. छान. इतकं स्वच्छ कोणी आणत नाही." हातमोज्यांची बोटं मिटून-उघडून पाहिली. "हेही छान." मास्तर खुलले. मग बाईंनी पट्टी मागितली, तर मास्तरांनी पिशवीतून कापड कापायची मोठी कात्री काढली.

"ही कशाला?"

"झाकण उचकटायला. ही माझ्या हातात बसलेली आहे."

"टोक मोडेल आणि पेटीही जाईल," असं म्हणून बाईंनी स्वतःची पट्टी दिली, एका टोकाला वाकलेली लोखंडी. ब्रशच्या जागी मास्तरांनी कोटावरची धूळ झटकायचा ताठ केसांचा ब्रश आणला होता. बाईंनी तो काही न बोलता आपल्या खिशात घातला, जसं लहान मुलाच्या हातातून काही काढून घेतात तसं. मग म्हणाल्या, "आता पोशाख. जरा वाकून दाखवा."

"वाकायचं कशाला?"

"पेटी गुडघ्याएवढी आहे, मास्तर. माश्या माप द्यायला काउंटरवर येत नाहीत."

मास्तर वाकले. म्हणजे त्यांनी पेटीकडे मान केली, मग कंबर थोडी, आणि मग त्यांच्याच चव्वेचाळीस वर्षांच्या कसबाने त्यांना तिथे अडवलं. तरी त्यांनी जोर केला. दुसऱ्या कुणाची शिवण असती तर उसवली असती. मास्तरांची शिवण उसवत नाही. कापड पाठीला आणि खाली आणखी कुठे कुठे असं ताणलं गेलं की ते आणि कातडी एकच झालं. तेवढ्यात त्यांनी झाकण उचललं.

बाई ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "झाकण ठेवा, मास्तर, आणि हळू मागे या." पण ज्याला वाकता येत नाही त्याला वाकून मागेही येता येत नाही.

पाच डंख. तीन सांगतो: दंड, पाठ, पोटरी. उरलेले दोन, ज्या भागावर माणूस स्टुलावर बसतो त्यावर. पुढचे चार दिवस दुकानातलं स्टूल रिकामं राहिलं, आणि त्या चार दिवसांत मुलाने सतरा शर्ट पुरे केले.

बाईंनी नांग्या नखाने खरवडून काढल्या. ओढून काढायच्या नसतात, ओढल्या तर त्यांच्या पिशवीतलं सगळं विष आत जातं, हेही त्यांनी समजावलं. मास्तर उभे राहून ऐकत होते. उभेच होते.

"गडद रंग बघितला की त्यांना अस्वल आल्यासारखं वाटतं," बाई म्हणाल्या. "आणि तुमचं कापड अंगाला चिकटलेलं. नांगी सरळ आत. कापड आणि अंग यांच्यामध्ये वारा हवा, मास्तर. बोटभर तरी."

खिडकीतून मी मास्तरांचा चेहरा पाहिला. डंखांनी उतरला नव्हता इतका तो या वाक्याने उतरला.

"बंद मात्र घट्ट," बाई पुढे म्हणाल्या. "गळा, मनगट, घोटा. तिथे एक फट नको. बाकी सगळं पिशवीसारखं. आणि रंग पांढरा. पुढच्या रविवारी मीच पेटी घेऊन येते तुमच्याकडे. पोशाख नीट असेल तर पेटी ठेवते. नसेल तर तशीच पुढे मुख्याध्यापिकाबाईंकडे."

तो पुढचा रविवार पाच तारखेचा होता, हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि घरी सांगितल्यावर काकूच्याही. सहाला मुलाला कळवायचं होतं.

सोमवारी मास्तरांनी पांढरं जाड सुती कापड आणलं. छाती अडतीस, त्यांनी बेचाळीसला कापलं. घरातल्या हातमशीनवर उभ्यानेच शिवायला घेतलं, आणि शिवता शिवता हात आपोआप आत सरकत गेला. संध्याकाळी घालून पाहिलं तर अडतीस. मंगळवारी काकूने कापून दिलं, अठ्ठेचाळीस, डोळे मिटून कापल्यासारखं. मास्तरांनी ते निमूट शिवलं. मग घालून आरशासमोर उभे राहिले, आणि तिथेच कंबरेला दोन चुण्या घेतल्या, पाठीला दोन. "जरा पडत नव्हतं," म्हणाले. बुधवारी मी डोकं चालवलं. म्हटलं, "माझ्या मापाचा शिवा. माझं पोट तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला तो आपोआप सैल होईल." त्यांनी माझं माप घेतलं आणि शिवला. पण तो हातात घेऊन ते माझ्याकडे बघत राहिले, आणि जरा घालून बघा म्हणाले, आणि मी घातल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की पुढचं बोलणंच खुंटलं. तो पोशाख अजून माझ्या कपाटात आहे. श्वास सोडून घातला की बसतो.

गुरुवारी दुपारी भिंतीपलीकडे बराच वेळ मशीनचा आवाज नव्हता. मग काकू म्हणाली, "एक सांगू का? रागावणार नसाल तर."

"सांग."

"सैल शिवणारा एक माणूस आहे."

"माहीत आहे."

"नाही म्हणजे, मी काही..."

"तुझा तो निळा झगा, आणि तो ठिपक्यांचा, आणि आता नवीन केलास तो भुरा," मास्तर म्हणाले. "इंचाला आठ टाके. माझे बारा असतात. चोवीस वर्षं बघतोय."

आता मी भिंतीला कान लावला, हे कबूल करतो.

"इतकी वर्षं माहीत होतं?" काकू म्हणाली. "मी भाजीच्या पिशवीत खाली घालून आणायचे. वर पालेभाजी."

"आपल्याकडे इतकी पालेभाजी कशाला येते, हे आधी कळलं नाही. मग शिवण बघितली."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो असतो तर तू माझे घातले असतेस." थोडं थांबून म्हणाले, "त्याच्या कपड्यात तू बरी हसायचीस. जागा असायची."

काकू यावर काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. भिंत पातळ आहे, पण काकूचा आवाज कधी कधी तिच्याहून पातळ होतो.

शुक्रवारी सकाळी मास्तर काखेत पांढऱ्या कापडाचा गठ्ठा घेऊन रस्ता ओलांडून गेले. त्या दहा पावलांना गल्लीतली किती माणसं साक्षीला होती ते सांगत नाही. फक्त एवढंच सांगतो की मी एक चांगलं घट्ट बटण तोडून शर्ट हातात घेऊन आधीच तंबूच्या दुकानात बसलेलो होतो.

तंबू मान खाली घालून कापत होता. वर न बघता म्हणाला, "या मास्तर. बसा." मग बघितलं. "का उभेच राहणार? पँट स्वतःचीच शिवलेली दिसतेय."

"माझं काम आहे," मास्तर म्हणाले.

"ऐकलंय. पाच ठिकाणी ना?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी बटण शोधत होतो.

"मला सैल पोशाख पाहिजे," मास्तर म्हणाले. "मला जमत नाहीये. हात ऐकत नाहीत."

मागे शिलाई करणारी बाई पायडलवरून पाय काढून बसली. मला वाटलं, आता तंबू पंचवीस वर्षांचं सगळं एकदम वसूल करणार. गिऱ्हाइकांसमोर हवं ते बोलून घेण्याची त्याची हीच वेळ होती. त्याने कात्री खाली ठेवली.

"टेप आणलीय?" त्याने विचारलं.

"गळ्यात आहे."

"काढून खुंटीला टांगा. मला लागत नाही, आणि तुमच्या गळ्यात असली की माझा हात थरथरतो." एक नजर टाकून त्याने कापड अंथरलं आणि आखल्याशिवाय कापायला घेतलं. कात्री अशी चालली की मास्तर डोळे मिटून उभे राहिले. तासाभरात अंग तयार झालं. दोघं तिघं आत मावतील असं.

मग तंबू त्या पोशाखाच्या बाह्या हातात धरून बसून राहिला.

"आता काय?" मास्तर म्हणाले.

"बाईंनी मनगट आणि गळा घट्ट सांगितलाय ना? घोटासुद्धा?"

"एक फट नको म्हणाल्या."

"मग ते मला जमायचं नाही," तंबू म्हणाला. हे बोलताना तो माझ्याकडे बघत होता, मास्तरांकडे नाही. "माझ्या हातून फट राहते. चाळीस वर्षं गिऱ्हाईक म्हणतंय जरा गळ्याला घट्ट करा, मी म्हणतोय धुतल्यावर बसेल. कॉलर मला कधी आलीच नाही, मास्तर. म्हणून तर सगळं सैल."

मास्तरांनी खुंटीवरची टेप काढली. "सरका जरा," म्हणाले.

दुपारभर दोघं एका टेबलाला. एक अंगाला सैल सोडतोय, दुसरा टोकांना आवळतोय. मास्तरांची सवय उफाळून पाठीची चुणी घ्यायला हात गेला, की तंबू पट्टीने बोटांवर टक्‌ करायचा. तंबूने गळपट्टी जरा ढिली पकडली, की मास्तर नाकातून श्वास सोडायचे. गल्लीतली इतकी माणसं त्या दुपारी काजं करायला घेऊन आली की तंबूने शेवटी शटर अर्धं ओढलं. माझं बटण काही लागलं नाही.

रविवारी दहाला बाई आल्या. हातगाडीवर पेटी, दोन्ही बाजूंनी बांधलेली, दाराला जाळी. परसातल्या लिंबाखाली मशीनच्या सांगाड्यावर ठेवली. बाईंनी सांगाडा हलवून पाहिला, वाट्यांतलं पाणी पाहिलं, आणि म्हणाल्या, "हे डोकं चांगलं चाललंय." आम्ही सगळे मागच्या दारात, जाळी लावून. काकू, मी, तंबू, आणि मुलगा. मुलाच्या वरच्या खिशात कारखान्याचं पत्र होतं. त्याची घडी बाहेर दिसत होती आणि काकू त्या घडीकडेच बघत होती.

मास्तर बाहेर आले. पांढरे, सुजल्यासारखे, चालताना आत वारा फडफडतोय, आणि मनगट-गळा-घोटा मात्र दोऱ्याने बांधलेल्या पाकिटासारखे बंद. मी तोंडावर हात ठेवला. काकूने मला कोपर मारलं, पण तीही हसत होती.

"वाका," बाई म्हणाल्या.

मास्तर वाकले. सहज. चव्वेचाळीस वर्षांत मास्तर असे वाकलेले मी पाहिले नव्हते. धुराड्याने दोन फुंका दिल्या, पट्टीने झाकण सोडवलं, मऊ ब्रशने माश्या हलक्या बाजूला केल्या आणि एक चौकट वर उचलली. माश्या अंगावर आल्या, कापडावर चालू लागल्या. कापड हलत होतं, अंग आत कुठेतरी लांब होतं. एक माशी मनगटाच्या पट्टीभोवती फिरली, पूर्ण गोल, पुन्हा एकदा गोल. मग उडून गेली.

"गेली," तंबू पुटपुटला. "माझी असती तर आत जेवायला बसली असती."

आता बाई काय म्हणतात याकडे आमचे कान. पण मास्तरांनी चौकट उजेडात धरली होती आणि दुसरा हात गळ्याकडे चालला होता. टेप. टोपाच्या जाळीच्या आत होती, म्हणून त्यांनी ती काढली नाही. पण हाताला माप पाठ होतं. हातमोज्याच्या बोटाने त्यांनी पोळ्यावर एक इंच धरला. मग खालच्या कोपऱ्यात धरला आणि मान वर केली.

"बाई, वर पाच आहेत. इथे खाली चारच बसतायत." आवाजात मुलाच्या शिवणीकडे बघतानाचीच ती नापसंती. "इथलं काम ढिलं आहे."

"ढिलं नाही," बाई म्हणाल्या. "ती नरांची घरं. नर जाड असतात, त्यांना सैल लागतं."

"आणि ते करतात काय?"

"काही नाही. घरभर फिरतात, आयतं खातात."

दारातून काकूचं हसू असं फुटलं की पेटीतल्या माश्यांनीही ऐकलं असेल. तंबू दाराची चौकट धरून हसत होता. मास्तर चौकट हातात घेऊन तसेच वाकलेले, त्या सैल घरांकडे बघत, आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. कापड ढगळ असल्यामुळे ते हसतायत हे कळायला वेळ लागला. चौकट मात्र त्यांनी हलू दिली नाही. ती त्यांनी जागच्या जागी, दोन बोटांनी सरळ करून परत लावली.

बाईंनी हातगाडी उलटी वळवली, रिकामी.

"ठेवून जाते," म्हणाल्या. "महिनाभर तरी रोज उघडू नका. आठवड्यातून एकदा."

"आणि बाकीचे दिवस?" हे मुलाने विचारलं. आवाज जरा घाईचा होता.

"बाकीचे दिवस लांबून बघत बसायचं. दारातून कोण जातंय, कोण येतंय. बसून बघायला लागतं."

मास्तरांनी टोप काढला, घामाने चेहरा ओला, आणि मुलाला म्हणाले, "दुकानातलं माझं स्टूल आणून ठेव इथे. लिंबाखाली."

मुलगा इतक्या वेगाने धावलेला मी आजवर पाहिला नव्हता. स्टूल आणलं, लिंबाच्या सावलीत ठेवलं, हाताने पुसलं, ते हलू नये म्हणून एका पायाखाली खिशातल्या त्या पत्राची घडी करून सरकवली.

मास्तर बसले. जपून बसले, अजून थोडं दुखत होतं.